आईच्या गळ्याची शपथ

माझी आई खोटं फार छान बोलायची. आपल्याच आईबद्दल असं लिहिताना हात जरा अडतो, पण तिचं हे कसब लपवून ठेवलं तर पुढचं काही सांगताच येणार नाही. तिच्या खोटेपणात कुणाचं नुकसान नसे. शेजारच्या कांताकाकू चौथ्यांदा विळा मागायला आल्या की ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "अव, विळा माहेरी गेला. चार दिस राहून येतो म्हने." कांताकाकू पोट धरून हसत आणि रिकाम्या हातानं परत जात. हातही तसेच हिकमती होते तिचे. फाटक्या छत्रीच्या कापडाची दप्तरं, जुन्या साड्यांच्या वाकळी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांना चिंध्या गुंडाळून केलेल्या बाहुल्या. माझ्या एका बाहुलीला तिनं हेडमास्तरांसारखी टोपी केली होती, आणि ती बाहुली शाळेत नेली म्हणून मार मी खाल्ला.

दारव्ह्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घर दोन खोल्यांचं, मागे चूल आणि न्हाणी. कापसाचा हंगाम लागला की समोरची खोली कापसानं भरून जायची, पार आढ्यापर्यंत, आणि आम्ही मागच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचो. कापसाचा एक कोमट वास असतो. तो कपड्यांना, पांघरुणांना, भाकरीलासुद्धा लागायचा. अंगाला खाज सुटायची आणि खाजवता खाजवता आई गाणी रचायची, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. बाबा हंगामात जिनिंगवर कामाला असत. तिकडंच राहायचे आणि बाजाराच्या दिवशी सवारी जीपनं घरी यायचे. माणूस अगदीच मुकाट. आठवडाभर साठलेलं बोलणंही ते त्या एका संध्याकाळी पुरं खर्च करत नसत. त्यामुळे घरात खरं म्हणजे आम्ही दोघीच, आई आणि सातवीतली मी.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुपारी शाळेतून लवकर आले तर आई चुलीपाशी पाठमोरी बसून काहीतरी कुडुमकुडुम खात होती. वाकून पाहिलं तर चुलीच्या कडेची भाजकी माती. मला वाटलं, आईला वेड लागलं. आमच्या गावात एक बाई तशी झाली होती, ती रस्त्यावरची माती तोंडात भरायची. मी दारातच रडायला लागले. आईनं तोंड पुसलं, मला ओढून जवळ बसवलं आणि एवढी सराईत खोटारडी बाई, पण त्या दिवशी खरं बोलली. म्हणाली, "येडी झाली नाई मी. पोटुशी हाये. पाचवा चालू हाये."

मला आनंद व्हायला हवा होता. पण दोन वर्षांपूर्वीचं सगळं मला आठवत होतं. तेव्हा आई अशीच पोटुशी होती आणि सातव्या महिन्यात तिनं दणक्यात डोहाळजेवण केलं होतं. हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, पुरणाच्या पोळ्या, सगळं गाव पंगतीला. पंधरा दिवसांनी बाळ झालं ते रडलंच नाही. आईला बाळापेक्षा नंतरचं जास्त लागलं असं ती सांगायची. "पाचपन्नास बाया जेवून गेल्या, मंग पाचपन्नास बायांले सांगत बसली मी. नदीवर सांगतलं, गिरणीत सांगतलं. एकदा मेलेलं लेकरू मी पन्नास डाव पुरलं." यावर ती हसायची. मी तिला या गोष्टीवर हसताना पाहिलं की उठून अंगणात जायचे.

म्हणून या खेपेला तिचा बेत असा होता, की बाळ रडेपर्यंत कुणालाही काही कळू द्यायचं नाही. गावातल्या अंगणवाडीच्या ताई, शीलाताई त्यांचं नाव, पोटुशा बायांची नावं वहीत लिहून घ्यायच्या, दवाखान्यात न्यायच्या, गोळ्या द्यायच्या. मागच्या खेपेला आईचं नाव त्या वहीत पहिल्या पानावर होतं. ती वही तिला लाभली नाही असं तिचं ठाम मत होतं. तिनं माझा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा घामानं ओला होता. म्हणाली, "म्हन. मायच्या गळ्याची शपथ, कोनाले सांगनार नाई." मी म्हटलं.

गळ्याच्या शपथेचे नियम आमच्या शाळेत पक्के होते. जिच्या गळ्याची शपथ खाल्ली ती, शपथ मोडली की, मरते. सुटका एकच, ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. देवानं म्हटलं तरी चालत नाही, असं माझ्या बाकावरच्या वर्षाचं म्हणणं होतं आणि असल्या विषयांत तिचा शब्द शेवटचा असे. आज मी शिकलीसवरलेली, केस पिकत आलेली बाई आहे. तरी माझ्या घरात कुणाही मुलानं कुणाच्याही गळ्याला हात लावलेला मला चालत नाही. मुलं हसतात, हसोत.

मग कापूस फुटला आणि आईच्या डोक्यातली सगळ्यात मोठी हिकमत बाहेर आली. वेचणीला जाणाऱ्या बाया कमरेला एक कापड बांधतात, त्याची पोटावर झोळी होते, तिला आमच्याकडे ओटी म्हणतात. वेचलेला कापूस त्या ओटीत टाकत जायचा. तासाभरात कुठलीही बाई नऊ महिन्यांची दिसायला लागते. आईनं ओळखलं, लपायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. फक्त एक अडचण होती. ओटी भरली की रिकामी करावी लागते आणि रिकामी केल्यावर पोट सपाट दिसायला हवं. म्हणून तिनं जुन्या साडीची दुहेरी अस्तराची ओटी शिवली, आतल्या कप्प्यात चिंध्या भरल्या आणि बायांना सांगितलं, "पोटाशी मऊ गादी असली की पाठ दुखत नाई. यवतमाळच्या एका डाक्टरनीनं सांगतलं." पण सगळ्यांत एकटीचीच ओटी फुगलेली दिसली तर कुणीतरी निरखून बघणार, हेही तिला कळत होतं. तेव्हा तिनं कांताकाकूंना तशीच एक शिवून दिली. मग त्यांच्या जावेला, मग आणखी चौघींना. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत आमच्या बाजूच्या शेतांतल्या झाडून सगळ्या बाया सकाळी उठून, एक बोंड न वेचता, गरोदर दिसत शेतावर जायला लागल्या. आणि खरंच पाठ दुखत नाही म्हणून आईला दुवा द्यायच्या. आई घरी येऊन वाकळीत तोंड खुपसून हसायची. मीही हसायचे. ते दोन महिने चांगले गेले, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि सोलेभात खाऊन आम्ही दोघी कापसाला टेकून बसायचो आणि ती बाळाच्या लाथा मला हात लावून दाखवायची.

पायाची सूज मी संक्रांतीनंतर पहिल्यांदा पाहिली, ती खेळ म्हणूनच. आई पाय पसरून बसली होती, म्हणाली, "दाब इथं." मी अंगठ्यानं तिच्या नडगीवर दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. "पाय व, कनकीचा गोळा झाला," ती म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून तिच्या पायावर खळग्यांचं फूल काढलं. चार दिवसांनी तिची जोडवी बोटात रुतली, साबण लावून काढली. मग चेहरा सुजला. कुणी विचारलं तर कापसाच्या किड्यानं चावलं म्हणायची. मग डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं आवळून बांधून ती भाकरी थापायची आणि मध्येच थांबून डोळे चोळायची. "काजवे पायले नाईत लय दिसाचे," ती म्हणायची, "आता दुपारीच दिसून राह्यले."

मला यात काही भयंकर आहे हे माहीत नव्हतं. ते शीलाताईंनी सांगितलं. त्या शाळेत आल्या, सातवीच्या मुलींना वेगळं बसवलं आणि त्यांच्या त्या बोलण्यात मुलींच्या अडचणी सांगून झाल्यावर म्हणाल्या, घरात कोणी पोटुशी असेल तर लक्ष ठेवा. पायाला, तोंडाला सूज, डोकं दुखणं, डोळ्यापुढे चमकणं, यातलं काही असलं तर एक दिवसही घरी ठेवायचं नाही. झटके येतात. माय आणि लेकरू दोघंही जातात. मी बाकाची कड धरून बसले होते. वर्षा कानात काहीतरी सांगत होती, ते ऐकूच येत नव्हतं. सूज होती. डोकं होतं. काजवे होते. एकेक गोष्ट त्या सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात हो येत होतं.

घरी धावत आले आणि आईला सगळं सांगितलं. म्हटलं, शपथ सुटली म्हण, मी आत्ता शीलाताईंना आणते. आई भाजी चिरत होती. तिनं हात थांबवला नाही. "वीस दिस राह्यले. आता कायले सोडू? वहीत नाव लिवलं की मंग होते पंचाईत." मी म्हटलं, तू मरशील. तर म्हणाली, "मेली त भूत होऊन तुयापाशीच येईन, गनितं सोडवून देईन." मी रडले, तिच्या पाया पडले, तिची हनुवटी धरून 'सुटली' म्हण, म्हण म्हणून मागे लागले. शेवटी तिनं मला एक धपाटा घातला. आई मारणारी बाई नव्हती. त्या धपाट्यानंच मला जास्त भीती वाटली. बाजाराच्या दिवशी बाबा आले, तेव्हा मी त्यांच्या मागेमागे घरभर फिरले. ते आईच्या पायांकडे पाहत होते असं मला वाटलं, पण ते काही बोलले नाहीत आणि मला बोलता येत नव्हतं. दुसऱ्या सकाळी ते जीपनं गेले. त्यानंतरचा आठवडा माझ्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. सांगितलं तर आई शपथेनं मरणार, नाही सांगितलं तर सुजेनं. रोज पहाटे उठून आधी तिच्या नाकापाशी बोट धरायचे आणि मग चूल पेटवायचे.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मीही वेचणीला गेले होते. ऊन चढलं होतं. शीलाताई वही घेऊन धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, आल्या, नव्या पोटुशा बायांची नोंद करायला. समोर ओळीनं अकरा बाया उभ्या, अकराही पोटं पुढे. त्या बघतच राहिल्या. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लिवा ताई, अकराच्या अकरा लिवा. बाप एकच हाये साऱ्याईचा, कापूस." सगळं शेत खदखदून हसलं. शीलाताईंनीही हसून वही मिटली, दोन घोट पाणी पिऊन त्या निघाल्या. बाया पुन्हा आपापल्या तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला, लागल्या. आई मात्र पळसाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि पाणी आण म्हणून मला हात केला. मी तांब्या पुढे केला. तिनं हात पुढे केला तो तांब्याच्या भलतीकडेच. दोनदा तसं झालं. तिला तांब्या दिसत नव्हता.

मी धुऱ्यानं पळत सुटले. शीलाताई पांदणीत, शेतांमधल्या गाडीवाटेवर, पोचल्या होत्या. मी जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढायला लागले. शपथ न सांगण्याची होती, म्हणजे तोंडानं न सांगण्याची. ओढत नेलं तर मोडत नाही, असा हिशेब मी पळता पळता केला होता. शेवटी मी आईचीच मुलगी. शीलाताई म्हणाल्या, काय झालं? मी स्वतःचं पोट दाखवलं. त्यांना वाटलं माझंच पोट दुखतं. पायाकडे बोट केलं तर त्या काटा मोडला का म्हणून खाली वाकल्या. पिशवीतून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि चालू लागल्या. तेव्हा मी मागून बोलले. मोठ्यानं नाही. "माही माय पोटुशी हाये. नववा हाये. तिले दिसून नाई राह्यलं."

त्या एवढ्या वेगानं वळल्या की वही खाली पडली. ती उचलून घेऊन मी त्यांच्या मागे पळाले. त्यांनी झाडाखाली येऊन काही न विचारता आईच्या ओटीची गाठ सोडली. कापूस पडला, मग आतल्या चिंध्या पडल्या आणि खाली आईचं पोट उघडं पडलं. बाया कामं टाकून आल्या होत्या. आईनं मला शोधलं, नजर लागत नव्हती तरी शोधलं, आणि माझ्या दिशेनं बघितलं. त्याच क्षणी तिचे डोळे वर गेले. अंग लाकडासारखं ताठ झालं, दात आवळले गेले, ओठातून रक्त आलं आणि ती हातपाय झाडायला लागली. बाकी सगळ्यांनी झटका पाहिला. मी शपथ मोडलेली पाहिली. माझ्या तोंडातून शब्द निघून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

शेजारच्या शेतात कापूस भरायला गाडी आली होती. आईला त्या कापसावरच निजवलं, शीलाताई आणि कांताकाकू वर चढल्या आणि गाडी दारव्ह्याकडे गेली. मला कुणी घेतलं नाही. मी धुऱ्यावर पडलेल्या चिंध्या गोळा केल्या, त्या घडी करून घरी आणल्या. कांताकाकूंच्या जावेनं मला जेवायला वाढलं, तिथं मी ताट घेऊन बसून राहिले. फोन आला तेवढं कळलं, दारव्ह्याहून यवतमाळला नेलं, ऑपरेशन करून बाळ काढलं, मुलगी आहे, बारकी आहे, बाई शुद्धीवर नाही. आई मेली तर कुणालाही कळणार नव्हतं की तिला मी मारलं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताकाकूंचा मुलगा मला यवतमाळला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात बाबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. आई आत होती, अजून डोळे उघडले नव्हते. मी त्यांच्याजवळ बसले आणि बसता बसताच सांगून टाकलं, कारण जास्त वेळ थांबले असते तर सांगता आलं नसतं. "बाबा, म्या शपथ मोडली. मायच्या गळ्याची."

एक बाई टोपलीतली केळी विकत गेली, एक म्हातारा सलाईनची बाटली हातात धरून गेला. मग बाबा म्हणाले, "मले बी घातली होती."

मला कळलंच नाही.

"गळ्याचीच. मांगल्या बाजाराले आलो त चप्पल तिच्या पायात जाईना. म्या पायलं. डोकं दुखते म्हने, म्या बाम आनून देल्ला. कोनाले बोललो नाई. शपथ होती नं. भेव वाटलं." बाबा त्यानंतर रडले. मोठा माणूस आवाज न करता रडतो तेव्हा खांदे कसे हलतात ते मी तिथं पाहिलं. मी विचारलं, मग आता शपथेचं काय होईल? खोटं सांगायला ती वेळ चांगली होती. पण त्यांना तेवढंही जमत नसे. "थे मले बी मालूम नाई," ते म्हणाले आणि माझा हात धरून बसले. आम्ही दोघं तसेच कितीतरी वेळ भीत बसलो.

दुपारी नर्सनं हाक मारली. आईनं डोळे उघडले होते. चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजलेला, जीभ चावली गेली होती म्हणून शब्द जाड पडत होते. तिनं पहिल्यांदा बाळाचं विचारलं. बाबा म्हणाले, पोरगी हाये, काचेत ठेवली, रडते. "रडते?" तिनं दोनदा विचारलं. मग डोळे मिटून पडली. आम्हाला वाटलं झोपली, तेवढ्यात म्हणाली, "कोनं सांगतलं?"

मी भिंतीला चिकटले. बाबा खाकरले. म्हणाले, "म्या."

आईनं डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. "तुमी?"

"हो."

"जीपवाल्याले गाडी थांबव म्हनायले लाजता तुमी. गाव मांगं जाते अन् तुमी पुढच्या गावी उतरता." एवढं बोलून तिला दम लागला. बाबांनी मान खाली घातली. मग तिनं चादरीवरचा हात थोडा हलवला, माझ्याकडे. "इकडं ये व."

मी गेले. ती शिव्या देईल, मारेल, किंवा माझ्याकडे बघता बघता शपथ पुरी होऊन मरेल, तिन्हीची माझी तयारी होती. तिनं माझी बोटं धरली. तिचा हात गरम आणि जाडजूड झालेला होता.

"लय भेली होती का?"

मी मान हलवली.

"मी बी," आई म्हणाली. "पयल्या दिसापासून. एकटीनं भ्याचं जीवावर आलं, म्हनून त तुले सांगतलं." आणि ती बाबांसमोर, नर्ससमोर, कुठलीही गंमत न करता रडायला लागली.